वेलांटी आधी

एप्रिल २०११ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी टाइपरायटरचा मृत्युलेख छापला. निमित्त मुंबईचं होतं. गोदरेज अँड बॉइसने सांगितलं, की टाइपरायटर बनवणं आम्ही २००९ मध्येच थांबवलंय, आता थोडीफार यंत्रं विकायची उरली आहेत. एवढ्यावरून परदेशी पत्रांनी 'टाइपरायटरचा जगातला शेवटचा कारखाना बंद' असे मथळे केले. लेखकांनी गळे काढले, घंटीच्या आणि रिबिनीच्या आठवणी निघाल्या. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं, की न्यू जर्सीतली एक कंपनी अजून टाइपरायटर विकतेय. तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकेतले तुरुंग होते. कैद्यांसाठी ती काचेसारख्या आरपार प्लॅस्टिकचे टाइपरायटर देत होती, आत काही लपवता येऊ नये म्हणून.

मला त्या मृत्युलेखांपेक्षा हा खुलासा जास्त आवडला. संगणकापुढे टाइपरायटरचं उणं काय, तर तो कशालाच जोडलेला नसतो. तुरुंगात नेमकं तेच हवं होतं.

मी पुण्यात, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, एका लहानशा ऑफिसात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं, काम करते. पुस्तकं, दिवाळी अंक, पत्रिका, अधूनमधून एखाद्याचा गौरवग्रंथ. उद्याचं जग कसं असेल यावर व्याख्यानं देणाऱ्यांची पुस्तकंही आमच्याकडे येतात. ती आम्ही ज्या मशीनवर लावतो त्यात विंडोज एक्सपी आहे आणि पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ आहे. ही आवृत्ती २००१ ची. त्यानंतर पेजमेकरची नवी आवृत्ती निघालीच नाही. कंपनीच्या लेखी तो कधीचाच संपलाय. पण तालुक्याच्या कुठल्याही छापखान्यात डोकावून बघा, एका कोपऱ्यात, इंटरनेटची वायर मुद्दाम काढून ठेवलेलं एक मशीन असतं आणि त्यावर पेजमेकर उघडलेला असतो.

लोक याला कंजूषपणा म्हणतात. थोडा आहेच. पण खरं कारण फाइलींमध्ये आहे. आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांच्या फाइली पडल्या आहेत, सगळ्या जुन्या मराठी फॉन्टांत बांधलेल्या. त्या काळच्या फॉन्टात मराठी अक्षर असं काही नव्हतंच. संगणकाच्या दृष्टीने तो इंग्रजी मजकूर. फक्त 'k' या अक्षराच्या जागी काना काढायचा, 'd'च्या जागी क काढायचा, अशी फॉन्टने केलेली हातचलाखी. फॉन्ट बदलला की अख्खं पुस्तक इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर येतं. एखाद्या प्रकाशकाला तिसरी आवृत्ती काढायची झाली, लेखक हयात नाही, हस्तलिखित हरवलंय, तर ते पुस्तक आता फक्त आमच्या कोपऱ्यातल्या त्या मशीनला वाचता येतं. अशा वेळी त्याला जुनं कसं म्हणायचं?

एखादा शोध किती काळ कामाचा राहील, यावर एक लोकप्रिय आडाखा आहे, 'लिंडी इफेक्ट' नावाचा. न्यूयॉर्कमध्ये लिंडीज नावाच्या खाणावळीत रात्री विनोदी नट जमायचे आणि कुणाचं किती दिवस चालेल याच्या गप्पा हाणायचे. १९६४ मध्ये त्यावर एका मासिकात लेख आला. पुढे गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉ आणि मग लेखक नसीम तालेब यांनी त्या नावाला निराळाच अर्थ चिकटवला: जी वस्तू माणसासारखी म्हातारी होत नाही, ती आजवर जितकी टिकली तितकीच आणखी टिकेल असं धरावं. चमचा हजारो वर्षं आहे, म्हणजे हजारो वर्षं राहील. नवा फोन दोन वर्षांचा, त्याचं काही सांगता येत नाही.

ऐकायला झकास आहे. पण तारेचं काय? १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली प्रायोगिक लाइन पडली. म्हणजे २०१२ साली कुणी हा आडाखा लावला असता, तर तारेला आणखी दीडशे वर्षं द्यावी लागली असती. जुलै २०१३ मध्ये ती बंद झाली. शेवटच्या दिवशी तारघरांपुढे रांगा लागल्या होत्या आणि रांगेतल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदाच तार केली.

तार आणि टाइपरायटर एकाच पिढीतले, सरकारी कचेऱ्यांत शेजारी शेजारी वाढलेले. एक तारीख ठरवून गेली. दुसऱ्याची नुसती तारीख छापून आली. जिल्हा कोर्टाबाहेर छत्री लावून बसणाऱ्यांची बोटं मात्र चालू राहिली. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, मधे कार्बन घालून तीन प्रती, लाइट नसली तरी चालतंय. मला वाटतं, फरक वयात नव्हता. तारेला खातं लागायचं: खांब, तारा, तारघर, तारवाला, या सगळ्यांचा पगार. एका टेबलावर निर्णय झाला की खेळ खलास. टाइपरायटरला लागायचा एक मेकॅनिक आणि भंगारातलं दुसरं मशीन. तो बंद करण्याचा अधिकार कुणाच्याच हातात नव्हता. बनवणाऱ्याच्याही नाही.

या हिशेबाने आजच्या बहुतेक नव्या गोष्टी तारेच्या घराण्यातल्या आहेत. ऑर्कुट या सोशल नेटवर्कवर मराठी माणसांनी किती लिहिलं होतं! कवितांचे, ट्रेकचे, गावाकडच्या जत्रांचे कट्टे भरलेले असायचे. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. ना मोडलं, ना झिजलं. दूरवरच्या एका कंपनीला नको झालं, एवढंच. हातातलं उपकरण शाबूत आणि त्यातली गोष्ट नाहीशी, ही तऱ्हा आमच्या आजीच्या शिलाई मशीनला ठाऊक नव्हती.

पण हे झालं यंत्रांच्या देहाबद्दल. त्यांच्या आतली जी मांडणी असते, तिचं आयुष्य वेगळं असतं, आणि मला त्याचंच जास्त नवल वाटत आलंय.

टायपिंग मी दहावीच्या सुट्टीत शिकले. आमच्या भागात दहावी झाली की मुलीला टायपिंगला घालायचं, मुलगा असेल तरी घालायचं, पुढे काही नाही जमलं तर कारकुनी तरी मिळेल. वरच्या मजल्यावरची लांबट खोली, इंग्रजीची मशीनं खिडकीकडे, मराठीची आत अंधाराकडे. सर मधून फिरायचे आणि कुणी मान खाली घालून कळांकडे बघायला लागलं की बोटांवर पुठ्ठा धरायचे. कुणी नुसतं 'तीस झालं, चाळीसला बसलोय' म्हणालं तरी सगळ्यांना कळायचं. ती मोजपट्टी अजून जशीच्या तशी आहे. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत आजही मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट मागतात. परीक्षा आता संगणकावर होते, गाडी सरकत नाही, घंटी वाजत नाही. आकडे तेच.

मराठी टाइपरायटर हा खरं तर एक तहनामा होता. इंग्रजीसाठी बनलेल्या सांगाड्यात चाळीसेक कळा आणि आपल्याकडे बाराखडी, जोडाक्षरं, वर-खाली लागणाऱ्या खुणा. मग काय काय तोडी काढल्या! मात्रा, अनुस्वार, रफार यांच्या कळा दाबल्या तरी गाडी पुढे सरकायची नाही, म्हणजे खूण अक्षरावर बसायची. भ किंवा ष सारखी अक्षरं अर्धी दिलेली. अर्धं मारायचं आणि मागून काना लावून पुरं करायचं. आणि पहिली वेलांटी आधी. 'कि' मारायचं तर आधी ि, मग क, कारण कागदावर ती डावीकडे येते आणि गाडी काही मागे जाऊन तिला जागा देणार नाही. तोंडाने म्हणताना क आधी येतो, बोटांनी मारताना वेलांटी.

संगणकाने हे उलटं केलं. १९८६ मध्ये भारत सरकारने सगळ्या भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. त्यात डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि क्रम उच्चाराचा: आधी क, मग वेलांटी. युनिकोडही, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणारी पद्धतही, मजकूर उच्चाराच्याच क्रमाने साठवतं. डोळसपणे केलेली, शिकायला सोपी मांडणी आहे ती. मराठीची शिकलात तर बंगालीचीही जवळपास शिकून होते. चाळीस वर्षं होत आली. आमच्या ऑफिसात इनस्क्रिप्टवर बसणारं कुणीही नाही. सगळे रेमिंग्टनवाले, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसणारे. सॉफ्टवेअरलाही ते माहीत आहे. आपण आधी वेलांटी दाबतो, ते ती धरून ठेवतं, अक्षर आलं की मुकाट्याने मागे नेऊन लावतं. लोखंडाच्या गाडीला मागे जाता येत नव्हतं म्हणून पडलेली रीत, आता गाडीच नसलेलं यंत्र दर सेकंदाला पाळतंय. आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा विशीतला आहे. टाइपरायटर त्याने पाहिलाय की नाही, कुणास ठाऊक. तोही वेलांटी आधीच मारतो.

लिपीनेच यंत्रापुढे वाकावं, असाही प्रयत्न आपल्याकडे झाला. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी लिपीशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ यांच्याऐवजी अि, अी, अु लिहायचं, म्हणजे टाइपाचे खिळे कमी लागतील. जुनी मासिकं चाळताना असा मजकूर भेटतो. पुढे छपाई बदलली, खिळे राहिले नाहीत, आणि सुधारणा त्या मासिकांतच राहिली. एका यंत्राची अडचण कायमची समजून तिच्यासाठी भाषेचं अंग कापायचं, हे मला तेव्हाच्या काळात ठेवून पाहिलं तरी पटत नाही. पण प्रश्न खोटा नव्हता, हेही खरं.

इंग्रजीची गोष्ट आपल्यापेक्षा फार वेगळी नाही. मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्सने मित्रांच्या मदतीने यंत्र बनवलं, १८७३ मध्ये ते रेमिंग्टनकडे गेलं. रेमिंग्टन म्हणजे बंदुका आणि शिलाई मशीनं करणारे लोक. १८७४ मध्ये यंत्र बाजारात आलं, त्याला फक्त कॅपिटल अक्षरं होती. लहान लिपी आणि शिफ्टची कळ १८७८ च्या दुसऱ्या मॉडेलात आली. कळांवरच्या अक्षरांचा तो विचित्र क्रम, ज्याला क्वर्टी म्हणतात, टायपिस्टचा वेग मुद्दाम कमी करायला ठेवला, ही कथा सगळ्यांनी ऐकलेली असते. क्योटोच्या दोन जपानी संशोधकांना ती पटली नाही. त्यांच्या मते मोर्सची तार ऐकून थेट टाइप करणाऱ्यांच्या सोयीचा त्यात हात होता. ऑगस्ट ड्व्होरॅकने १९३६ मध्ये अधिक शास्त्रशुद्ध म्हणून दुसऱ्या मांडणीचं पेटंट घेतलं. ती कितपत सरस होती यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. टायपिस्टांनी भांडायची तसदी घेतली नाही. त्यांची बोटं बसली होती.

कळफलकावरच्या एंटरला कित्येक ठिकाणी रिटर्न म्हणतात, कारण ती टाइपरायटरची गाडी परत आणायची कळ. गाडी परत ओळीच्या सुरुवातीला आणणं एक क्रिया, कागद एक ओळ वर सरकवणं दुसरी. टेलिप्रिंटरला या दोन वेगळ्या खुणा पाठवाव्या लागत. आज विंडोजवर साध्या नोटपॅडमध्ये ओळ संपवली की फाइलीत त्या दोन्ही खुणा एकामागोमाग नोंदल्या जातात. लिनक्सवाले एकावरच भागवतात. त्यामुळे तिकडची फाइल इकडे आली की कधीकधी सगळे परिच्छेद एकमेकांत मिसळतात आणि आमचा एक तास जातो. कधीच्या मोडीत निघालेल्या दांडीपायी!

मजकुराच्या बाबतीत असले निर्णय किती सहज झालेत, हे वाचलं की हसू येतं. १९८५ मध्ये फ्रिडहेल्म हिलेब्रांड नावाचे जर्मन अभियंते बॉनमध्ये टाइपरायटरपुढे बसले आणि मनाला येतील ती वाक्यं मारून त्यांची लांबी मोजली. बहुतेक १६० अक्षरांत मावत होती. मोबाइलच्या संदेशाला तीच मर्यादा पडली. ती अक्षरं अर्थात रोमन. तेवढ्याच जागेत देवनागरी ७० बसते. साध्या फोनवरून एसएमएस करण्याच्या दिवसांत मराठी माणसं 'kasa ahes' का लिहायला लागली, त्याचं एक कारण हे आहे. सवयीचा आणि आळसाचा वाटा वेगळा.

१९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत (या विषयात खाणावळी फार येतात) केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी टेबलावरच्या कागदी मॅटवर युटीएफ-८ ची रचना मांडली. आज इंटरनेटवरचा जवळजवळ सगळा मजकूर त्याच पद्धतीने साठवतात. रचना सुरेख आहे, यात वादच नाही. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, ग्रीक, रशियन, अरबी अक्षराला दोन आणि देवनागरीला तीन. 'technology' दहा बाइटांत मावतं. 'तंत्रज्ञान' या शब्दात काना, अनुस्वार आणि पायमोडके धरून दहाच खुणा आहेत, पण बाइट होतात तीस. कुणी आकसाने केलं नाही हे. युनिकोडच्या यादीत आपला नंबर जिथे लागला, तिथून तेवढेच पडतात. साठवणीची जागा स्वस्त झाली म्हणून त्याची झळ लागेनाशी झाली. आता पुन्हा लागतेय, कारण लिहून-बोलून देणारी नवी यंत्रं मजकुराचे तुकडे करून वाचतात, आणि मराठी वाक्याचे इंग्रजीपेक्षा अनेकदा जास्त तुकडे पडतात. पैसे तुकड्यांवर मोजले जातात.

म्हणून 'पुढच्या वीस वर्षांत काय येईल' या व्याख्यानांत माझं मन रमत नाही. यंत्र येईल आणि जाईल, ऑर्कुटसारखी तारीख लावून जाईल. तुकडे कसे पाडायचे, कोणती खूण आधी आणि कोणती नंतर, हे आज कुठल्याशा टेबलावर घाईघाईत ठरत असेल, आणि ते ठरवणाऱ्यांची नातवंडं म्हातारी होईपर्यंत पाळलं जाईल. आपण तिथे उशिरा पोचतो. 'ॲ' हे अक्षर आपण किती वर्षं वापरतोय. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. तोवर ॲडव्होकेटांच्या पाट्या संगणकावर करताना आम्ही काय काय जुगाड केले ते विचारू नका.

कळफलक जाईल असं आता सगळे म्हणतात. लोक फोनशी बोलून लिहितात. यंदा दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांपैकी काही सरळसरळ बोलून लिहिलेल्या आहेत, आम्हाला लगेच ओळखू येतात. त्यात टायपिंगच्या चुका नसतात, ऐकण्याच्या असतात: 'पाणी'चं 'पानी', 'आणि'चं 'आनी', पात्राचं आडनाव दर पानावर वेगळं, आणि पूर्णविराम शोधावे लागतात. वाक्यंही लांबलीत. हात दुखला की माणूस थांबायचा. तोंड थांबत नाही. एका ज्येष्ठ लेखकाने अशी कथा पाठवली, त्यांना आता पेन धरवत नाही. त्यांच्या कथेतला संवाद पूर्वीपेक्षा जिवंत झालाय, वर्णनं मात्र सैल पडलीत. त्यांना सांगावं की नाही, यावर ऑफिसात दोन मतं आहेत.

तर ही कथा आमच्याकडे येते कशी, ते बघा. लेखक फोनपुढे बोलतात. दूरवरचं यंत्र ती युनिकोडमध्ये लिहितं. व्हॉट्सॲपवर ती आमच्याकडे येते. आम्ही ती कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात उतरवतो, कारण अंकाचा गेल्या कित्येक वर्षांचा साचा पेजमेकरमध्ये आहे आणि संपादकांना तोच हवा. कन्व्हर्टर 'ऱ्य' आणि 'ष्ट्र' हमखास खातो, म्हणून 'महाराष्ट्र' शोधून शोधून दुरुस्त करायचा. त्यासाठी रेमिंग्टनच्या पद्धतीने, वेलांटी आधी. मग पीडीएफ, मग प्लेट, मग छपाई. २०२० नंतरचं, १९९० च्या आसपासचं आणि १८७४ चं, सगळं एका दुपारी, एका टेबलावर. यातलं कालबाह्य कोणतं ते ज्याला ठरवायचं असेल त्याने अंक वेळेवर काढून दाखवावा.

परवा एक्सपीवाल्या मशीनचा मॉनिटर गेला. मालक म्हणाले, या निमित्ताने सगळंच नवीन घेऊन टाकू. आणि मग त्यांनीच साच्याची आठवण काढली आणि विषय मिटला. त्या मशीनला मागे फक्त व्हीजीएचं भोक आहे, १९८७ मध्ये आयबीएमने आणलेलं, पंधरा पिनांचं. दुकानात फोन करून विचारलं, नवा मॉनिटर हवाय, पण व्हीजीए चालणारा आहे का? पलीकडच्या पोराने जराही आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाला, "आहेत की मॅडम, किती पाहिजेत?"